सोंग कसं घ्यावं? कळंबच्या होतकरूंसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

तुमचं वय तीस ते पंचावन्नच्या मध्ये आहे. मोंढ्यात आडत आहे, किंवा झेडपीच्या शाळेत नोकरी आहे, किंवा बसस्टँडजवळ मोबाइलचं दुकान आहे. लग्न झालंय, हप्ते चालू आहेत, आणि अलीकडे तुम्हाला सारखं वाटतंय की एखादी संध्याकाळ आपण दुसरंच कुणीतरी व्हावं. सरदार, सावकार, फितूर, संन्यासी, कुणीही. घाबरू नका, हा आजार नाही. मात्र कळंबमध्ये तो आजारासारखाच हाताळला जातो. आधी घरगुती उपाय, मग पाहुण्यारावळ्यांचा सल्ला आणि शेवटी, "एकदा बार्शीला दाखवून आणा."

लहान मुलांना या मार्गदर्शिकेची गरज नाही. गॅदरिंगमध्ये पोरगं गाजर झालं तरी आईबाप स्टेजपर्यंत धावत जाऊन फोटो काढतात. अडचण मिसरूड फुटल्यावर सुरू होते. चाळिशीतल्या माणसाला गाजर व्हावंसं वाटलं तर त्याच्यासाठी कळंब नगर परिषदेच्या हद्दीत कसलीही सोय नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न.

नियम पहिला : आधी कारण, मग सोंग

आपल्या भागात सोंगाला बंदी आहे असं नवशिक्यांना वाटतं. ते चूक आहे. बंदी फक्त बिनकारण सोंगाला आहे. कारण दाखवलं की कोणतंही सोंग चालतं. मान्यताप्राप्त कारणं उतरत्या क्रमानं अशी :

(अ) देव. हे सर्वांत भक्कम कारण. पैठणच्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात भारुडं रचली. त्यांत ते कधी जोशी होतात, कधी वासुदेव, कधी विंचू चावलेला माणूस, तर कधी सासरला कंटाळलेली सून. संस्कृत जाणणारा, घरदार असलेला, प्रतिष्ठित माणूस गावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं त्यांच्या तोंडून बोलतो. मराठवाड्यात याहून मोठा सोंगाड्या झालेला नाही. आजही सोंगी भारुडात पन्नाशीचा गडी लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून नाचतो आणि समोरची म्हातारी हात जोडते. येरमाळ्याच्या यात्रेत आराध्यांमध्ये कुणी पुरुष साडीत दिसला तर लोक त्याच्या परडीत पैसे टाकतात. तोच पुरुष तीच साडी नेसून मंगळवारी मोंढ्यात आला तर काय होईल याचा विचार करा, म्हणजे कारणाचं महत्त्व ध्यानात येईल.

(आ) महापुरुष. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मावळा व्हायला वयाची अट नाही. महाराजांची भूमिका मात्र अभिनयावर मिळत नाही. ज्याच्या ओळखीत घोडा आहे त्याला ती मिळते. ही भूमिका मिळालीच तर अंगावर वेश असेपर्यंत गुटखा, चप्पल आणि मोबाइल वर्ज्य. लोक पाया पडतात तेव्हा संकोच करू नका. ते तुमच्या पाया पडत नाहीत.

(इ) गणपती. गणेशोत्सवातला जिवंत देखावा ही प्रौढांसाठी उत्तम सुरुवात आहे. विषय ठरलेले : हुंडाबळी, व्यसनमुक्ती, पाणी वाचवा, शेतकऱ्याची व्यथा. गर्दी पुढं सरकली की तोच देखावा पुन्हा पहिल्यापासून, त्यामुळे पाठांतर आपोआप होतं. हुंडाबळीच्या देखाव्यात जो सासरा झाला त्यानं स्वतःच्या पोराच्या लग्नात काय घेतलं, हे विचारायचं नसतं.

(ई) सरकार. मतदार जागृती, हागणदारीमुक्ती, लसीकरण. गुरुजींना वरून आदेश आला की ते चौकात पथनाट्य करतात आणि त्यांना कुणी हसत नाही, कारण फोटो काढून वर पाठवायचे असतात. डी.एड.च्या अभ्यासात तर भूमिकाभिनय नावाची अध्यापन पद्धतच आहे. विमा कंपनीच्या प्रशिक्षणातही एकानं गिऱ्हाईक व्हायचं आणि एकानं एजंट. म्हणजे सोंग घ्या, पण टार्गेटसाठी घ्या.

(उ) लग्न. हे नवं कारण, पण झपाट्यानं रुजलं. हिंजवडीत संगणकापुढं बसणारा मुलगा फेटा बांधून, बैलाचा कासरा धरून मांजरा धरणाच्या पाण्याकाठी उभा राहतो, आणि कधी वावरात न गेलेली मुलगी डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन त्याच्याकडे येते. दोघांची ही सोंगं दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी पैसे मोजून घ्यायला लावलेली असतात. याला प्री-वेडिंग म्हणतात. बैलाचं भाडं वेगळं.

(ऊ) हौस. हे कारण यादीत नाही.

हौसेला कारण मानणारं एकच कार्यालय माहितीत आहे : महाराष्ट्र शासनाचं सांस्कृतिक कार्य संचालनालय. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेच्या नावातच 'हौशी' हा शब्द छापलेला असतो. बँकेतले, एसटीतले, महावितरणातले लोक सुट्ट्या टाकून लातूर केंद्रावर जातात आणि एका प्रयोगापुरते दुसरे कुणीतरी होतात. अर्ज भरताना कारण लिहायचा रकाना नसतो. इतर जिल्ह्यांतल्या काही लोकांचं नशीब तर याहून थोर. सिंधुदुर्गात दशावतार आहे, अकोले-मोखाड्याकडे बोहाडा आहे, वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टीत भात निघाला की रात्र रात्र नाटकं आहेत. तिथं दिवसा नांगर धरणारा रात्री राजा झाला तर त्याच्या सोयरिकीला बाधा येत नाही. कळंबमध्ये ती रूढी नाही, म्हणून तर ही मार्गदर्शिका.

नियम दुसरा : घरी सांगणे

एकदम सांगू नका. आधी "मित्रांनी बोलावलंय" एवढंच सांगा. आठवड्यानं "जरा नाटकाचं बघतोय" म्हणा. 'काम करतोय' हा शब्द तिसऱ्या आठवड्यात. तोवर तालीम निम्मी झालेली असते.

अपेक्षित प्रश्न आणि ते कोण विचारील :

पत्नी : "पैसे मिळत्यात का द्यायचेत?" खरं उत्तर 'द्यायचेत' हे आहे. ते देताना नजर जमिनीवर ठेवा.

वडील : "आता हेच राहिलं होतं." हा प्रश्न नाही, उत्तर देऊ नका.

आई : काही विचारणार नाही, पण गुरुवारी कुठंतरी अंगारा आणायला जाईल.

सासरे : फोनवर सोयाबीनच्या भावापासून सुरुवात करून शेवटी, "बाकी दुकानाकडं लक्ष हाय ना?"

मुलगी, इयत्ता सहावी : "पप्पा, तुम्ही मरता का त्याच्यात?" हा एकमेव कामाचा प्रश्न. सविस्तर उत्तर द्या.

एक गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी. रात्री दोनपर्यंत पत्ते कुटून घरी आलात तर "बसला होता मित्रांत" एवढ्यावर विषय मिटतो. पंचेचाळिसाव्या वर्षी गुडघा बांधून टेनिस बॉलवर क्रिकेट खेळलात तर पुढारी करंडक देतात. पण रात्री दोनपर्यंत तालीम करून आलात तर तुम्ही वाया गेलात. पत्त्यात जातात ते पैसे, तालमीत जाते ती इभ्रत, असा हा हिशेब आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं. त्यानंतर नाटक मंडळ्यांच्या मागं पोरं घर सोडून पळू लागली, आणि तेव्हा आईबापांनी जो धसका घेतला तो अजून उतरलेला नाही. मधल्या काळात नाटक म्हातारं झालं, पळून जाण्यासारख्या कंपन्याही उरल्या नाहीत. धसका मात्र वारसाहक्कानं सातबाऱ्यावर चढत आलेला आहे.

नियम तिसरा : भूमिका निवडणे

पहिल्या वर्षी पहारेकरी. एकच वाक्य असतं : "महाराज, बाहेर कुणीतरी आलंय." ते वाक्य तीन आठवडे पाठ करा. प्रयोगाच्या दिवशी "बाहेर महाराज आलेत" असं निघेल. काही बिघडत नाही. आतले महाराज त्याहून घाबरलेले असतात.

दुसऱ्या वर्षी नायकाचा मित्र. तिसऱ्या वर्षी खलनायक घ्यायला हरकत नाही, पण परिणामांची तयारी ठेवा. निळू फुल्यांसारखा सज्जन, सेवा दलात वाढलेला माणूस. पडद्यावरच्या पाटलापायी खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांना खरोखर शिव्या घालायच्या. त्यांनी ती आपल्या कामाला मिळालेली पावती मानली. तुमची पावती उधारीच्या वहीत दिसेल. सावकाराचं काम चांगलं वठलं तर पुढचे आठ दिवस वसुलीला जाऊ नका. लोक म्हणतात, "काल स्टेजवर कमी लुटलं का?" आणि चहा पाजून परत पाठवतात.

साहित्य

ड्रेपरीवाल्याकडून भाड्यानं आणलेला अंगरखा (मापाचा मिळत नाही, पाठीमागून सेफ्टी पिना लावाव्यात), टोप, क्रेपच्या दाढीमिश्या, त्या चिकटवायला स्पिरिट गम, काजळ, खोबरेल तेल. प्रसंग रडण्याचा असेल तर मिशी बेताची लावा, घामानं एक बाजू सुटते. विंगेत प्रॉम्प्टर हवाच. त्याचा आवाज असा असावा की तुम्हाला ऐकू जाईल आणि पहिल्या रांगेतल्या नगरसेवकांना जाणार नाही. असा प्रॉम्प्टर अजून जन्मलेला नाही.

तालमीला जागा शाळेची मागा. शाळा मिळाली नाही तर मंगल कार्यालय, तेही लग्नतिथी नसताना. तालमीत शिरताना कुणी विचारलं तर "मीटिंग आहे" म्हणा. पतसंस्थेची असेल असं समजून लोक लगेच लांब जातात.

पोलिसाची भूमिका असेल तर वेश हॉलमध्येच चढवा आणि हॉलमध्येच उतरवा. लोकसेवकाचा पोशाख फसवण्याच्या हेतूनं घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ खाली गुन्हा आहे. खाकीखाली कॅनव्हासचे बूट असले की हेतू नव्हता हे आपोआप सिद्ध होतं, तरी खबरदारी घ्यावी.

स्त्रीपार्ट : विशेष सूचना

बालगंधर्वांनी नेसलेल्या शालूंची, माळलेल्या गजऱ्यांची नक्कल घराघरांतल्या बायका करायच्या. एका पुरुषानं बाईचं सोंग घेतलं आणि बायका त्या सोंगाकडं पाहून नटायला शिकल्या, असा हा महाराष्ट्र. टिळकांनी त्यांना दिलेली पदवी लोक आजही आदरानं घेतात. म्हणून आपल्यालाही आदर मिळेल या भ्रमात राहू नका. तुमच्या साडीतल्या फोटोचं पोस्टर होणार नाही, स्टिकर होईल. ते सोयाबीनच्या भावाच्या ग्रुपवर 'राम राम' म्हणायला वापरलं जाईल.

बायकांना काम करायचं असेल तर त्यांची मार्गदर्शिका वेगळी, आणि ती एका ओळीची आहे : जिथं पुरुषाला "वेळ जातोय" म्हणतात तिथं बाईला काय म्हणतात ते ऐकून घेण्याची तयारी ठेवा आणि तरीही तालमीला वेळेवर या. गावोगावच्या जत्रेतल्या नाटकांना नटी बाहेरून का आणावी लागते याचं कारण या ओळीत आहे. गावात अभिनय येणाऱ्या बाया नाहीत असं नाही. सोनाराकडं भाव पाडताना त्यांतल्या कुणालाही पाहून घ्या.

नियम चौथा : ओळखले जाणे

तुम्हाला ओळखतील. टोप, दाढी, चिलखत, काहीही चढवा, पडदा वर गेल्यावर तिसऱ्या रांगेतून आवाज येईल, "आरं हा तर आपला पाईपवाला!" यात अपमान मानू नका. या तालुक्याची ती परंपराच आहे, आणि ती पार देवीपर्यंत जाते.

येरमाळ्याच्या येडेश्वरीची कथा इकडं सगळ्यांना ठाऊक आहे. सीतेच्या शोधात राम या रानातून चालला होता. त्याची परीक्षा घ्यावी म्हणून पार्वतीनं सीतेचं रूप घेतलं आणि त्याच्या वाटेत उभी राहिली. रामानं बघताक्षणी ओळखलं आणि तिला वेडी म्हटलं. तीच आपली येडाई. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत पालखी आमराईकडं निघते, वाटेत चुन्याच्या रानात लाखो माणसं चुनखडीचे खडे वेचतात, ते याच देवीसाठी.

नवशिक्यानं या कथेतून दोन गोष्टी घ्याव्यात. एक : साक्षात जगन्मातेचं सोंग पहिल्याच प्रेक्षकानं ओळखलं, तर तुमच्या क्रेपच्या मिशीची काय कथा. दोन : कळंब तालुक्यातला सोंगावरचा सर्वांत जुना अभिप्राय 'वेडी' हा आहे. पण म्हणून तिचं सोंग वाया गेलं नाही. लोकांनी ते नाव ठेवलं आणि त्याच नावानं देऊळ बांधलं. तेव्हा तुम्हाला कुणी येडं म्हणालं तर नुसतं "आई राजा उदो उदो" म्हणा आणि तालमीला जा.

नियम पाचवा : पोटाचं सोंग आणि हौसेचं सोंग

इथं मार्गदर्शिकेचा सूर थोडा बदलतो, चालवून घ्या.

सुगी झाली की आपल्याकडं रायरंद यायचा. कुणी त्याला बहुरूपी म्हणायचं. कधी फौजदार होऊन दारात उभा राहायचा, वॉरंट काढायचा, घरातल्या कर्त्याला अटक करायच्या गोष्टी करायचा. कर्ता घाबरल्याचं सोंग घ्यायचा, आणि पायलीभर ज्वारीवर तडजोड व्हायची. दोन्ही बाजूंना आपापला पार्ट पाठ होता. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत बहुरूपी ही जमात म्हणून नोंदलेली आहे. आपण ज्याला हौस म्हणतो तो त्यांच्याकडं पिढीजात धंदा होता.

आता रायरंद आला तर लोक आधी आधार कार्ड मागतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत हिंडणारे लोक होते. सोंगही नव्हतं ते. अनोळखी कपड्यातली, अनोळखी बोलीची माणसं, एवढंच. तुम्ही हौसेनं खोटी मिशी लावता तेव्हा फार तर हसू होतं, कारण मिशीखालचा माणूस गावाला माहीत असतो. ज्याला गाव ओळखत नाही त्याला वेश बदलणं परवडत नाही. तेव्हा दारात अजूनही कुणी रायरंद आला तर ज्वारी द्या, आणि जमलं तर त्याचं पाच मिनिटं बघत बसा. फुकटात याहून चांगली तालीम मिळणार नाही.

नियम सहावा : घरबसल्या प्रकार

ज्यांना स्टेज झेपत नाही त्यांच्यासाठी पाश्चात्त्य प्रकारही आहे. पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याकडं चौकशी करा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ अमेरिकेत १९७४ मध्ये निघाला. चार-पाच जण टेबलाभोवती किंवा स्क्रीनवर जमतात. कुणी मांत्रिक होतो, कुणी योद्धा, एक जण कथा चालवतो आणि वार बसला की हुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. ना मेकअप, ना प्रेक्षक. वेश चढवायचाच असेल तर मुंबईत कॉमिक कॉन भरते, तिथं तीस-पस्तिशीची माणसं भर दुपारी सुपरहिरो होऊन वडापाव खातात.

तिकडं तरी लोक समजूतदार असतील, असं वाटून घेऊ नका. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या कित्येक आईबापांची खात्री पटली होती की या खेळातून पोरं सैतानाच्या नादी लागतात. त्याविरुद्ध संघटना निघाल्या, टीव्हीवर चर्चा झाल्या. मग खेळणाऱ्यांनी सांगायला सुरुवात केली की यातून कल्पनाशक्ती वाढते, संघभावना येते, लाजाळू माणूस बोलता होतो. थोडक्यात, त्यांनीही कारण शोधलं. भाचा मात्र आईला "ऑफिसचा कॉल आहे" सांगून दार लावून घेतो आणि आत अजगराशी लढतो. आईला वाटतं, पोराला रविवारीही किती काम.

शंकासमाधान

प्रश्न : लोक हसतील का?
उत्तर : हो. विनोदी नाटक असेल तर कमी.

प्रश्न : मुलामुलींच्या सोयरिकीवर परिणाम होईल का?
उत्तर : बायोडाटात 'सामाजिक कार्य' लिहा.

प्रश्न : समाजाची दृष्टी कधी बदलते का?
उत्तर : बदलते, पण मुदत असते. एप्रिल २०१७ मध्ये ९७वं अखिल भारतीय नाट्य संमेलन आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, तेव्हाच्या उस्मानाबादेत भरलं होतं. जयंत सावरकर अध्यक्ष होते. तेवढे दिवस अख्ख्या जिल्ह्याला नाटकाचा अभिमान होता. मांडव उतरला, आणि दुसऱ्या दिवशी नाटकवाले पुन्हा रिकामटेकडे झाले.

प्रश्न : बक्षीस मिळालं तर?
उत्तर : तर तुम्ही पहिल्यापासून कलाकार होता, हे सगळ्यांना आधीच माहीत होतं असं निघेल. सासरेच सत्कार ठेवतील.

प्रश्न : बक्षीस मिळालं नाही, पैसे गेले, लोक हसले. मग मिळालं काय?
उत्तर : हा प्रश्न पत्त्याच्या डावावरून उठताना विचारता का? विचारत नसाल, तर इथंही विचारू नका.

शेवटची सूचना

प्रयोगानंतर खोबरेल तेलानं रंग उतरवा. कानामागचा राहतोच. दुसऱ्या दिवशी दुकान वेळेवर उघडा. दोन दिवस थट्टा होईल, तिसऱ्या दिवशी नगर परिषदेचा काहीतरी नवा विषय निघेल.

पुढच्या वर्षी तालमी सुरू झाल्या की एके संध्याकाळी एक जण शटर ओढायच्या वेळेला दुकानात येईल. बहुधा तिसऱ्या रांगेतला, सर्वांत मोठ्यानं ओरडलेला. तो आधी चार्जरचा भाव विचारील, मग पावसाचं काढील, आणि मग दुसरीकडं बघत म्हणेल, "पहारेकऱ्याचं काम असलं तर सांगा बरं का. बोलायचं नसलं तरी चालंल."

त्याला का म्हणून विचारू नका. पोरंबाळं काय म्हणतील, दुकानाचं काय, या वयात कशाला, यातलं काहीही विचारू नका. टोप किती नंबरचा लागतो तेवढं विचारा आणि वहीत लिहून घ्या.